मी बंद केलेली तोटी

आमच्या इस्पितळात लेबर रूमच्या इनचार्ज सिस्टरांना तोंडावर सगळे ‘सिस्टर’ म्हणत आणि पाठीमागे ‘परीटघडी’. हे नाव मीच पाडलं होतं. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं आणि कुणी पाडलं म्हणून त्यांनी चौकशी सुरू केली, तेव्हा ‘काय बाई लोक तरी, कामधंदा नाही’ असं सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले. माझा स्वभाव असा आहे. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

मी केसपेपरच्या खिडकीत बसते. नाव, वय, पत्ता, कितवी खेप, सोबत कोण, एवढं विचारायचं, लिहायचं आणि कागद पुढे सरकवायचा. माझ्या खिडकीसमोर कॉरिडॉर संपतो आणि लेबर रूमचं दुहेरी दार लागतं. त्या दारातून सिस्टरांना ये-जा करताना मी चौदा वर्षं पाहिलं. उंची बेताची, अंग काटक, केस चापून बसवलेले आणि चालताना कपड्याचा कडक आवाज. चादरीला सुरकुती दिसली की नव्या नर्सची दिवसभर खैर नसे. डाग तर त्यांना मैलभरावरून दिसायचा. कोटावर चहाचा थेंब सांडला असला तर आमचे मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोरून छातीवर हात ठेवून जात, जणू राष्ट्रगीत चाललंय.

बाळंतिणींशी मात्र वेगळ्याच वागत. ‘मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण श्वास रोखू नकोस,’ असं प्रत्येकीला सांगत. एकीनं ते फारच मनावर घेतलं आणि सिस्टरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाहेर तिची सासू तोंडाला पदर लावून बसली. सिस्टर आतून म्हणाल्या, “आवाज छान आहे गं. आता हाच जोर खाली लाव.”

त्यांचा एक नियम होता. बाळंतिणीला तिचं स्वतःचं रक्त दिसता कामा नये. शिकत असताना त्यांनी एक बाई पाहिली होती. सगळं सुखरूप पार पडलं होतं, पण खालची माखलेली चादर दिसली आणि ती अशी किंचाळली की तिला आवरायला तिघी लागल्या. तेव्हापासून सिस्टरांचा एक हात कामात असे आणि दुसरा पुसण्यात. कापड भिजलं की बादलीत, चादर भिजली की बादलीत, खाली लगेच नवी कोरी चादर. डॉक्टर येईपर्यंत पलंग असा दिसे की इथं काही घडलंच नाही. डॉक्टर विचारत, “रक्त किती गेलं?” सिस्टर म्हणत, “तीनशे.” आणि तीनशे मिलिलिटर लिहिलं जाई. त्यांच्या तीनशेला कधी कुणी हरकत घेतली नाही.

हे मी नुसतं ऐकलेलं नाही, अनुभवलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी त्यांच्याच हातावर झाली. त्या वेळी माझी जी अवस्था झाली होती ती लिहायला आजही संकोच वाटतो. पोट, आतडी, सगळ्यावरचा ताबा सुटला होता. समोर रोज ज्यांच्याबरोबर चहा पितो तीच माणसं आणि मी अशी पडलेली. सासूबाई आत यायच्या आधी सिस्टरांनी मला पुसून, कोरडं करून, केस विंचरून, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून दिली. सासूबाई म्हणाल्या, “अगोबाई, ही तर फिरून आल्यासारखी दिसतेय.” त्या दिवशी सिस्टरांनी माझी लाज राखली. ते मी कधी विसरले नाही, आणि गोची झाली ती तिथेच.

गेल्या वर्षी वरून आदेश आला. बाळंतपणात अचानक काही बिनसलं तर काय करायचं, याची तालीम प्रत्येक लेबर रूमच्या माणसांना द्यायची. दोन दिवसांची. शिकवायला एक डॉक्टरीणबाई आल्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हातात स्टॉपवॉच. त्यांना बाळंतिणीचं सोंग घ्यायला एक बाई हवी होती. नर्सपैकी कुणी चालणार नव्हती, कारण त्या सगळ्या परीक्षेला बसणार होत्या. औषधाच्या काउंटरवरचा फार्मासिस्ट माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हिला घ्या की. निम्मं पोट आधीच तयार आहे.” त्याला मी नंतर बघून घेतलं, पण सोंग माझ्याच गळ्यात पडलं.

गळ्यात कसलं, कमरेला. एक भलंमोठं रबरी पोट पट्ट्यांनी बांधायचं. आत बाहुलीएवढं बाळ, त्याला नाळ, नाळेला वार आणि बाजूच्या पिशवीत दोन लिटर लाल पाणी. माझ्या उजव्या हाताशी चादरीखाली एक तोटी. ती उघडली की मला रक्तस्राव सुरू. डाव्या हाताशी रबरी गोळा, बीपीच्या मशीनला असतो तसा. तो दाबून ठेवला की पोटातला फुगा कडक होणार, म्हणजे गर्भाशय आवळलं. सोडला की मऊ. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं, नाहीतर आतलं रक्त वाहतच राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. एक लेक जन्माला घालूनही माहीत नव्हतं.

“नीट ऐका,” शिकवणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “त्या पोट चोळतील, इंजेक्शन मागतील, मदतीला हाक मारतील. तरी लगेच तोटी बंद करायची नाही. निदान एक लिटर जाऊ द्या. खरं रक्त ऐकत नाही कुणाचं. मला बघायचंय की किती गेलं हे त्या कशावरून ठरवतात. शेवटी मी आकडा विचारणार आणि मग कापडांचं वजन करणार.”

“आणि कुणाची दया आली तर?”

“तर माझ्याकडे बघा. मला येत नाही.”

पहिल्या दिवशी चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, वजनाचा सराव करायचा. पहिल्या झटक्यात पास होईल त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी. असा सरळ हिशोब होता.

वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत टेबल जोडून पलंग केला होता. भिंतीला लागून सगळ्या नर्स उभ्या, मागच्या खुर्चीत मोठे डॉक्टर. मी पाय वर घेऊन पडले. वर पंख्याची पाती काळी झालेली दिसत होती. सिस्टरांच्या नजरेला ती कशी पडली नाहीत कोण जाणे. पहिला नंबर अर्थातच सिस्टरांचा. त्या हसत आल्या. “काय गं, तुझं दुसरंही माझ्याच हातावर का?” सगळे हसले. रबरी बाळ बाहेर आलं तर त्यांनी त्या बाहुलीचंसुद्धा नाक पुसलं. वार आली. शिकवणाऱ्या बाईंनी मला मान हलवून खूण केली आणि मी तोटी उघडली.

सिस्टरांचा एक हात लगेच माझ्या पोटावर आला, गोल गोल चोळायला लागला. “इंजेक्शन भर. डॉक्टरांना बोलाव,” अशी हाक गेली. सगळं चोख. आणि दुसरा हात पुसायला लागला. कापड बादलीत. दुसरं कापड बादलीत. चादर ओढली, बादलीत, खाली नवी कोरी चादर. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काही नाही गं, सगळं ठीक आहे.” खरं सांगते, ते लाल पाणी आहे हे मला माहीत होतं, तोटी माझ्याच हातात होती, तरी खाली कोरडी चादर लागल्यावर मला वाटलं, चला, मी बरी झाले.

“किती गेलंय?” बाईंनी विचारलं.

“तीनशे. फार तर साडेतीनशे.”

त्या घटकेला ते बरोबरच असावं. पण मला अजून अर्ध्या लिटरच्या वर सोडायचं होतं. तेही बादलीत जाणार, सिस्टर तरीही तीनशेच म्हणणार, मग वजन होणार आणि एकोणतीस वर्षांच्या तीनशेचं सगळ्यांसमोर हसं होणार, हे मला पडल्या पडल्या लख्ख दिसलं. भिंतीपाशी सगळ्यांत नवी नर्स उभी होती. आम्ही तिला बारकी म्हणतो. ती आत्ताच बादलीकडे बघून शेजारणीला कोपर मारत होती. सिस्टरांचे कान लाल झाले होते. त्यांनाही काहीतरी चुकतंय असा वास आला असावा, कारण त्या आणखी भराभर पुसायला लागल्या.

मी तोटी बंद केली.

रक्त थांबलं. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं, हातमोजे घालून बादलीतली कापडं काट्यावर ठेवली, कोरड्या कापडाचं वजन वजा केलं. तीनशे ऐंशी. त्यांनी दोनदा बघितलं. “कमाल आहे,” म्हणाल्या. “नजर आहे की काटा?” मोठे डॉक्टर उठून टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या, बारकीनंसुद्धा. बाई माझ्यापाशी वाकून हळूच म्हणाल्या, “लवकर थांबलं. मी एक लिटर सांगितलं होतं ना?”

“अहो, तोटीच अडकली,” मी म्हणाले. “जुनी दिसतेय.”

त्यांनी एकदा तोटीकडे बघितलं, एकदा रांगेत उभ्या असलेल्या आठ जणींकडे. आणि दुसरं नाव पुकारलं.

बाकीच्या कुणाच्या वेळेला तोटी अडकली नाही. बारकीच्या वेळी तर मी दीड लिटर सोडलं. ती पाचशे म्हणाली. काट्यानं चौदाशे दाखवलं आणि ती सगळ्यांदेखत रडली. दुसऱ्या दिवशी तिनं दहा वेळा कापडं काट्यावर ठेवून काढली, पाचशेच्या वर काटा गेला की आरडाओरडा करायचा हे घोकून घेतलं. सिस्टर मात्र त्या दिवशी घरी होत्या. त्यांना सुट्टी मिळाली होती. मला वाटलं, मी पांग फेडले. आज ते लिहिताना शरमेनं मान वर होत नाही, पण तेव्हा मी संध्याकाळी घरी गाणं गुणगुणत गेले होते.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, खिडकीत एक बाई आली. शिवणकाम करणारी. वय सव्वीस, पहिली खेप, सोबत नवरा. कळा येत होत्या तरी माझ्या ब्लाउजच्या बाहीकडे बघून म्हणाली, “ताई, ही बाही चुकीची लावलीय. मी बरी झाले की उसवून देते.” मी म्हणाले, “आधी तू मोकळी हो, मग माझी बाही.” तिला हसू आलं आणि मध्येच कळ आली. कागद घेऊन ती त्या दुहेरी दारातून आत गेली.

दुपारी दोनला मुलगी झाली. तिचं रडणं खिडकीपर्यंत ऐकू आलं. नवऱ्यानं मला डब्यातलं अर्धं सफरचंद देऊ केलं, दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. मी ते खात होते तेव्हा आत काय चाललं होतं ते मला नंतर बारकीनं सांगितलं.

गर्भाशय मऊ पडलं होतं. सिस्टरांचा एक हात पोटावर होता, इंजेक्शन दिलेलं होतं, आणि दुसरा हात पुसत होता. बारकीनं बादलीतलं कापड काट्याकडे नेलं. सिस्टर म्हणाल्या, “राहू दे ते. आधी तिला कोरडी करू दे.” तीन चादरी बदलल्या. डॉक्टरांना फोनवर कळवलं, “थोडं जास्त आहे, पण आटोक्यात आहे. साडेतीनशे.” डॉक्टर दुसऱ्या इमारतीत होते. ते हातातलं काम उरकायला थांबले. स्वच्छ पांढऱ्या चादरीवर ती शिवणकामवाली पडून होती आणि म्हणत होती, “मला थंडी का वाजतेय?” वीस मिनिटांनी तिचे ओठ पांढरे पडले. मग धावपळ सुरू झाली. रक्ताच्या पिशव्यांची चिठ्ठी माझ्याच खिडकीतून गेली, आणि चिठ्ठीवर पिशव्यांचा आकडा बघून मी शिक्का उलटा मारला. ऑपरेशनला नेलं. ती वाचली. पण गर्भाशय काढून टाकावं लागलं. नंतर डॉक्टरांनी बादल्या वजन करायला लावल्या. एकोणीसशे भरलं.

कागदावर ‘अचानक तीव्र रक्तस्राव’ असं लिहिलं गेलं. कुणी कुणाला जाब विचारला नाही. उलट सिस्टरांनी शेवटपर्यंत हात सोडला नाही म्हणून मोठ्या डॉक्टरांनी त्यांचं कौतुक केलं. बारकी मला जिन्यात बसलेली सापडली. नाक लाल झालेलं.

“मला वजन करायचं होतं हो,” ती म्हणाली. “कापड हातात होतं माझ्या. पण म्हटलं, त्या दिवशी त्यांचं बरोबर आलं होतं. माझंच चुकलं होतं. त्यांना नजरेनं कळतं, आपण कोण?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “तुझी काही चूक नाही गं.” एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर होतं, ते मी गिळलं.

सिस्टर दोन दिवस कामावर आल्या नाहीत. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, त्या आणि त्यांची थोरली बहीण राहायच्या. दार बहिणीनं उघडलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात टीव्हीचा रिमोट.

“बरं झालं आलीस,” ती कुजबुजली. “परवापासून चादरी धुतेय. कपाटातल्या धुतलेल्याच काढून पुन्हा धुतेय. मी काही विचारलं की नळ मोठा सोडते.”

आत दोरीवर चादरींची रांग होती, घरात ओल्या साबणाचा वास. सिस्टर मोरीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. केस चापून बसवलेले नव्हते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, मलाच कानकोंडं झालं. येताना रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. त्या ओरडतील, मला घराबाहेर काढतील, मग मी रडेन आणि मन हलकं होईल, असा माझा बेत होता.

“सिस्टर, मला एक कबूल करायचंय. त्या तालमीच्या दिवशी मी...”

“तोटी बंद केलीस,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कोण हवं? माझा हात तुझ्या पोटावर होता ना. रक्त थांबलं, पण आत सगळं मऊच होतं. तो गोळा दाबायला तू विसरलीस. मऊ पडलेल्या गर्भाशयातलं रक्त असं एकदम थांबत नाही. एकोणतीस वर्षांत एकदासुद्धा थांबलेलं नाही. मला त्याच क्षणाला कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मग टाळ्या वाजल्या,” सिस्टर म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. सिस्टरांनी ओला हात मांडीवर पुसला. “वाटलं, सगळे गेले की बाईंना गाठून सांगू. तर मोठे डॉक्टर हात मिळवायला आले. म्हटलं उद्या सांगू. उद्या मला सुट्टीच होती. मग म्हटलं, आता काय सांगायचं, आपल्याला येतंय की सगळं. खरं म्हणजे लाज वाटली गं. त्या पोरींसमोर नापास व्हायची लाज वाटली. मी काट्यावर कापड ठेवायला शिकले असते तर माझं काय जात होतं?”

मला वाटलं होतं पाप माझं एकटीचं आहे. त्याचा मी थोडा तोरासुद्धा मिरवत आले होते, कबुली देणारीचा तोरा. आता ते दोघींचं निघालं आणि अर्धं व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं. आम्हाला एकमेकींकडे बघवेना.

त्यांनी फडताळातून एक पाकीट काढलं. शिकवणाऱ्या बाईंना लिहिलेलं पत्र होतं. माझा पास रद्द करा, मला पुन्हा बसवा, आणि बारकी खऱ्या वेळी वजन करायला निघाली होती, मीच तिला थांबवलं, हे तिच्या कागदावर लिहा. सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही. मी दोनदा वाचलं. त्यात माझा उल्लेख नव्हता.

“तुझं तू बघ,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी ती घरी जाणार आहे. मी तिला सांगणार आहे, सगळं. कागदावर सही करायला ती तुझ्याकडेच येईल. तेव्हा तिथेच सांगते. तूही असशील.”

“हो, असेन ना,” मी म्हणाले. “मीही सांगेन.”

शुक्रवारी खिडकीमागच्या छोट्या खोलीत, फायलींच्या कपाटांमध्ये, मी दोन स्टुलं मांडून ठेवली. शिवणकामवाली भिंतीला धरून चालत आली. चेहरा अजून फिका होता. कुशीत मुलगी, नवरा बाहेर सामान बांधत होता. सिस्टर आल्या, आज कपडे पुन्हा कडक, पण हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना बघून तिचे डोळे भरले.

“सिस्टर, मला नीट आठवत नाही काही,” ती म्हणाली. “एवढंच आठवतं, तुम्ही सारखं पुसत होता. सारखं कोरडं करत होता. माझ्या आईनंसुद्धा एवढं केलं नसतं.”

सिस्टर स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता त्यांच्याच्यानं होणार नाही. पण त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, एकही डॉक्टरी शब्द न वापरता. तुझं रक्त जात होतं ते मी पुसत राहिले. पुसलं म्हणून किती गेलं ते दिसलं नाही. मोजलं असतं तर दिसलं असतं. आमची नवी नर्स मोजायला निघाली होती, तिला मी थांबवलं. डॉक्टरांना मी चुकीचा आकडा सांगितला. ही चूक माझी आहे.

ती ऐकत होती. बाळाच्या दुपट्याचं टोक बोटांनी चाचपत होती, शिवण तपासावी तसं.

“मोजलं असतं तर किती आधी कळलं असतं?”

“वीस मिनिटं.”

“मग गर्भाशय राहिलं असतं?”

“बहुतेक राहिलं असतं,” सिस्टर म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, “हो.”

ती ओरडेल म्हणून मी दाराची कडी आधीच लावून घेतली होती. ती ओरडली नाही. बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट गुंडाळलं. मग म्हणाली, “यांना आज नका सांगू. मी सांगेन घरी गेल्यावर.” आणि नंतर, जणू कापड बेतताना हिशोब जुळत नसावा तशी भुवया आवळून, “पण सिस्टर, तुम्हाला हे शिकवलं नव्हतं कुणी?”

“शिकवायला आले होते. तालीम झाली होती. मी त्यात पास झाले होते.”

“मोजायचं माहीत नसताना? मग पास कशा झालात?”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, नजरेनंही खूण केली नाही. आपल्या हातांकडे बघत बसून राहिल्या. त्या थांबल्या होत्या, माझ्यासाठी जागा सोडून. शिवणकामवाली आधी त्यांच्याकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला काही माहीत असेल म्हणून नाही, खोलीत तिसरं कुणी नव्हतं म्हणून.

माझ्यापुढे तिचा कागद होता. वरती माझंच अक्षर. वय सव्वीस, पहिली खेप.

मी तो तिच्याकडे फिरवला, त्यावर पेन ठेवलं आणि खालच्या ओळीवर बोट टेकवून म्हणाले, “इथं सही करा.”

तिनं सही केली. आणि मला ‘थँक यू, ताई’ म्हणाली.